वूचची भिंत आणि मुलं पळवणारी टोळी

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. माझ्या लेकीला रजा मिळेना, म्हणून यंदा मीच तिच्याकडे गेले, पोलंडला. बॅगेत सांजोऱ्या, कळण्याचं पीठ, बिबडे आणि घरचं तिखट. ती राहते त्या शहराचं नाव नकाशात पाहून आपण लोड्झ वाचतो, तिथले लोक वूच म्हणतात. कापडगिरण्यांचं गाव. लाल विटांच्या लांबच लांब इमारती, उंच धुराडी, मालकाचा वाडा आणि समोर कामगारांच्या चाळी. माझं माहेर अमळनेरचं, प्रताप मिलचा भोंगा ऐकत मी वाढले. पहिल्याच दिवशी मला ते गाव ओळखीचं वाटायला लागलं.

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. बरीच वर्षं इतिहास शिकवला. दुसरं महायुद्ध, हिटलर, छळछावण्या, सगळं फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतलेलं. पोलंडला जाताना मनाची तयारी होती की जुन्या काळाच्या खुणा दिसणार. ताजा रंग दिसेल असं मात्र वाटलं नव्हतं.

लेकीच्या इमारतीत शिरायला रस्त्यावरून एक लांब कमान आहे. तिथल्या जुन्या घरांची तशीच रीत, कमानीतून आत गेलं की चौक आणि चौकाभोवती बिऱ्हाडं. कमानीच्या एका भिंतीवर टपालाच्या पेट्या, दुसऱ्या भिंतीवर विजेचे मीटर. मीटरांच्या शेजारी, माझ्या खांद्याच्या उंचीवर, काळ्या स्प्रेने एक चित्र काढलेलं होतं. फाशीचा खांब, त्याची आडवी दांडी, दांडीला दोर आणि दोराला लटकवलेला सहा कोनांचा तारा. ताऱ्याच्या पोटात एका फुटबॉल क्लबची अक्षरं. खाली मोठ्या लिपीत लिहिलेलं, ‘यूडे’. म्हणजे यहुदी, तेही जर्मन भाषेत. रंग जास्त मारला गेला असावा. ताऱ्याच्या खालच्या टोकातून एक ओघळ निघून मीटरच्या पत्र्यावर येऊन वाळला होता, आणि कोणीतरी तो नखाने खरवडून पाहिला होता. तेवढ्यापुरता पत्रा उघडा पडला होता.

“चल ना आई,” लेक म्हणाली, “असं इथे सगळीकडे लिहिलेलं असतं.”

तिने हे इतकं सहज म्हटलं की मी तिच्याकडे बघतच राहिले. तिचा दोष नाही. रोज येता-जाता डोळ्यांसमोर असलेली गोष्ट काही महिन्यांनी दिसेनाशी होते. मला ती दिसली, कारण मी नवीन होते. हिटलरच्या राज्यात यहुद्यांना कपड्यांवर पिवळा तारा शिवून फिरावं लागायचं, आणि जर्मनीत त्या ताऱ्यावर हाच शब्द असायचा. वर्गात हे सांगताना मी फळ्यावर तारा काढून दाखवायचे. तोच तारा समोर, फासावर.

नंतर लेकीने समजावून सांगितलं. वूचमध्ये दोन मोठे फुटबॉल क्लब आहेत, एलकेएस आणि विद्झेव. एकाचे पाठीराखे दुसऱ्यांना हिणवायला ‘यहुदी’ म्हणतात, दुसरे पहिल्यांना म्हणतात. दोन्हीकडे यहुदी कोणी नाही. रात्री स्प्रेचे डबे घेऊन पोरं निघतात, समोरच्या क्लबचं नाव ताऱ्यात घालतात आणि फासावर चढवतात. क्राकूव शहरातही क्लबांच्या भांडणात हाच शब्द चालतो म्हणे. पुढे मी शहरात फिरले तशी मला ही चित्रं दिसतच गेली. ट्रामच्या थांब्यावर, बंद गिरणीच्या कुंपणावर, बालवाडीच्या मागच्या भिंतीवर. बालवाडीच्या भिंतीचं मला फारच लागलं.

पहिल्या मजल्यावर एक आजी राहतात. कुंड्यांना पाणी घालायला चौकात येतात, मला बघून हसतात. लेकीला मध्ये घालून मी त्यांना विचारलं, हे पुसत का नाही कोणी? आजी म्हणाल्या, पुसतात, पण पोरं पुन्हा लिहितात. फुटबॉलचं वेड आहे, मनावर घेऊ नका. आणि मग म्हणाल्या, “इथे आता यहुदी आहेतच कुठे?”

आजी मायाळू आहेत, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुढचे कितीतरी दिवस मी त्या एका प्रश्नामागे फिरले. इथे यहुदी होते कुठे, आणि गेले कुठे?

होते ते असे. युद्धाआधी या शहरात साधारण 2,30,000 यहुदी राहत होते. दर तीन माणसांमागे एक. गिरण्या उभ्या करणाऱ्यांत ते होते, गिरणीत राबणाऱ्यांत होते, शिंपी होते, हमाल होते, डॉक्टर होते. इझ्राएल पोझ्नान्स्की नावाच्या यहुदी मालकाच्या प्रचंड कापडगिरणीत आता मॉल आहे. लेक मला तिथेच चप्पल घ्यायला घेऊन गेली होती. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन इथलाच. कवी युलियान तुविम इथलाच, 1894 चा जन्म. पोलंडमधली पोरं बालवर्गापासून त्याच्या कविता पाठ करतात. प्योत्रकोव्स्का या मुख्य रस्त्यावर त्याचा पुतळा बाकावर बसवलाय. त्याच्या नाकाला हात लावला की नशीब उजळतं अशी समजूत, त्यामुळे सगळा पुतळा काळपट आणि नाक तेवढं लखलखीत झालंय. मी बाजूला बसले असताना एक बाई आपल्या लहानग्याला उचलून नाकाला हात लावायला लावत होती. पोरगं तुविमच्या मांडीवर चढून बसलं. ज्याच्या कविता म्हणत ही पोरं मोठी होतात तो माणूस यहुदी होता, आणि त्यांच्यातलीच काही मोठी होऊन रात्री स्प्रे घेऊन निघतात. युद्ध सुरू झाल्यावर तुविम देश सोडून गेला म्हणून वाचला. त्याची आई मागे राहिली होती. 1942 मध्ये तिला मारलं.

आणि गेले ते असे. सप्टेंबर 1939 मध्ये जर्मन सैन्य आलं. शहराचं नाव बदलून लिट्झमानस्टाट केलं. उत्तरेकडच्या गरीब वस्तीत कुंपण घालून सगळ्या यहुद्यांना आत कोंबलं आणि 30 एप्रिल 1940 ला तो घेट्टो बाहेरून बंद केला. साधारण 1,60,000 माणसं आत. त्यांच्याकडून जर्मन सैन्याचे गणवेश शिवून घेतले, बूट करून घेतले. उपासमार, क्षय, टायफस. पुढे बाहेरून आणखी हजारो माणसं आणून टाकली. 1944 च्या ऑगस्टमध्ये उरलेल्यांना गाड्यांत भरून आउश्वित्झच्या छळछावणीत नेलं. जानेवारी 1945 मध्ये रशियन फौजा पोचल्या तेव्हा घेट्टोत नऊशे माणसंही शिल्लक नव्हती. रादेगास्ट नावाचं मालधक्क्याचं स्टेशन तसंच जपून ठेवलंय. तिथे लाकडी डबे उभे आहेत, आणि एका लांब बोगद्यात माणसांच्या याद्या लावल्यात. टाइप केलेल्या याद्या. नाव, जन्मतारीख, पत्ता.

मी त्या याद्यांसमोर फार वेळ उभी राहिले. हजेरीपट आयुष्यभर हाताळल्यामुळे असेल, माझी नजर जन्मतारखांवरच जाते. 1934, 1936, 1938.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सप्टेंबर 1942 मध्ये जर्मनांनी हुकूम सोडला की घेट्टोतली दहा वर्षांखालची मुलं आणि म्हातारे आजारी यांना बाहेर पाठवा. 4 सप्टेंबरला घेट्टोचा यहुदी प्रमुख रुमकोव्स्की जमावासमोर उभा राहिला आणि आईबापांना म्हणाला की तुमची मुलं मला द्या. पुढच्या आठवडाभर संचारबंदी लावून घराघरांतून मुलं काढली. पंधरा हजारांहून जास्त माणसं त्या आठवड्यात गेली. त्यांना हेल्मनोच्या छावणीत नेऊन बंद गाड्यांमध्ये विषारी धुराने मारलं. ज्या शहरात मुलं खरोखर अशी हिसकावून नेली गेली ते हे शहर.

त्याच घेट्टोच्या कोपऱ्यात आणखी एक कुंपण होतं. नोव्हेंबर 1941 मध्ये ऑस्ट्रियातून साधारण 5,000 रोमा लोकांना आणून तिथे कोंडलं होतं, त्यांतली अर्ध्याहून जास्त मुलं. रोमा म्हणजे युरोपातली भटकी जमात, हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातून निघालेली. जानेवारी 1942 मध्ये उरलेल्या सगळ्यांना मारून टाकलं. ती वस्ती होती तिथली लोहाराची एक जुनी इमारत आता स्मारक म्हणून ठेवलीय. आम्ही गेलो तेव्हा आजूबाजूला कोणी नव्हतं, समोर गाड्या लावलेल्या होत्या. रोमा लोकांवर युरोपात शेकडो वर्षं एकच आळ होता, की हे पोरं पळवतात. यहुद्यांवरही तोच. 1144 मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विच गावात एक मुलगा मेलेला सापडला आणि यहुद्यांनी त्याला धर्मविधीसाठी मारलं अशी आवई उठली. तिथून ती देशोदेशी पसरली, की हे आपली मुलं धरून नेतात, त्यांचं रक्त काढतात. खोटी गोष्ट आठशे वर्षं टिकली, आणि दर वेळी तिने माणसं मारली.

मी लेकीला म्हटलं, मला क्येल्त्सेला घेऊन चल. तिला ते गाव माहीत नव्हतं. मला इतिहासाच्या एका जाड पुस्तकामुळे माहीत होतं, आणि त्याहून जास्त माहीत असण्याचं कारण आमच्या तालुक्यात आहे. ते पुढे सांगते.

क्येल्त्से वूचपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास असेल. शांत गाव. शहरातून सिल्नित्सा नावाची छोटी नदी वाहते, आमच्या पांझरेला उन्हाळ्यात असतं त्याहूनही कमी पाणी असलेली. तिच्या काठाला प्लांती नावाचा रस्ता, आणि 7 नंबरची इमारत. 1946 मध्ये छळछावण्यांतून, जंगलातून, रशियातून वाचून परत आलेले दीड-दोनशे यहुदी तिथे राहत होते. युद्ध संपून वर्ष उलटून गेलं होतं. हिटलर मेला होता.

1 जुलै 1946 ला गावातला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा घरी कोणाला न सांगता निघून गेला. पूर्वी त्याचं कुटुंब जिथे राहायचं त्या खेड्यात ओळखीच्यांकडे गेला होता, चेरी खायला. दोन दिवसांनी परत आला. मार बसेल म्हणून असो की मोठ्यांनी पढवलं म्हणून, त्याने सांगितलं की मला पकडून तळघरात कोंडून ठेवलं होतं. 4 जुलैला सकाळी बाप त्याला घेऊन पोलिसांकडे निघाला. वाटेत मुलाने प्लांतीवरच्या त्या इमारतीकडे बोट दाखवलं. पोलीस आले, सैनिक आले, गर्दी जमली. यहुद्यांनी पोरं धरून ठेवली आहेत, मारली आहेत, असं गर्दीत पसरत गेलं. पोलीस आणि सैनिक इमारतीत घुसले, आतली माणसं बाहेर गर्दीच्या हाती लागली. दुपारी जवळच्या कारखान्याचे कामगार गज आणि दांडके घेऊन आले. संध्याकाळपर्यंत 42 यहुदी मेले होते. त्यांत एक आई आणि तिचं तान्हं बाळ होतं.

त्या इमारतीला तळघर नव्हतंच.

मी त्या घरासमोर उभी राहून खाली बघत होते. भिंत सरळ जमिनीत जाते. खिडकी नाही, जाळी नाही, पायऱ्या नाहीत. दरवाज्याशेजारी 1990 मध्ये पोलंडचे नेते लेख वावेंसा यांनी लावलेली पाटी आहे. लेकीने फोन समोर धरून तिचा अर्थ सांगितला. त्या दिवसानंतर काही महिन्यांत हजारो यहुद्यांनी पोलंड सोडलं. हिटलरच्या हातून वाचलेली माणसं या एका दिवसाला भिऊन निघून गेली. वूचच्या आजींच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे.

आता आमच्या तालुक्याचं सांगते.

1 जुलै 2018. रविवार, राईनपाड्याचा आठवडे बाजार. साक्री तालुक्यातला आदिवासी पाडा. डवरी गोसावी समाजाची काही माणसं त्या भागात पालं ठोकून राहिली होती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. गावोगाव भिक्षा मागायची, नाथांची गाणी म्हणायची, पाऊस लागला की पुढे सरकायचं, पिढ्यान्‌पिढ्यांचा हा त्यांचा शिरस्ता. त्यांतले पाच जण त्या दिवशी एसटीने बाजाराला आले. कोणी तरी एका लहान मुलीशी बोललं म्हणे. मुलं पळवणारी टोळी आली, अशी हाक उठली. त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे जीव जाईपर्यंत मारलं. पाचही जण. लोक मोबाइलवर शूटिंग करत होते. त्या दिवशी राईनपाड्यातलं एकही मूल हरवलेलं नव्हतं.

त्याच्या आधीचे आठ-पंधरा दिवस मला नीट आठवतात. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. गेटवर आया गोळा व्हायच्या, तोंडाला पदर लावून बोलायच्या. फोनवर एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यात खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. नंतर बातम्यांत आलं की तो कराचीतल्या एका जनजागृतीच्या जाहिरातीचा तुकडा होता. शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात की मुलांवर लक्ष ठेवा, तो भाग कापून टाकलेला. शाळेतल्या आयांना हे कोण सांगणार? कराची कुठे आणि आमचं पिंपळनेर कुठे. पालकसभेत मी उभी राहून विचारलं, कोणाच्या गावातलं पोर गेलं? नाव सांगा. सगळ्या म्हणाल्या, आमच्याकडचं नाही मॅडम, पुढच्या गावचं. पुढच्या गावात विचारलं की आणखी पुढचं. एक आजी मात्र रागाने म्हणाली, “माय वं, पोर जावानंतर नाव सांगसूत का?” तिच्या भीतीला मी काय उत्तर देणार होते? नातवंडांवर तिचा जीव होता. क्येल्त्सेतल्या गर्दीत उभ्या असलेल्या बायकांचाही आपल्या पोरांवर जीवच असणार.

हेच मला त्या नदीकाठी उभं राहून आतून हलवून गेलं. मुलांवरची माया हीच गर्दीच्या हातात काठी होते. आणि ती काठी पडते ती नेमकी अशा लोकांवर, ज्यांच्याबद्दल आधीच काही तरी भिंतीवर लिहून ठेवलेलं असतं. भिंत विटांची असो नाही तर मनातली. भटक्यांबद्दल आपल्याकडे काय लिहून ठेवलंय ते आपल्याला माहीत आहे. 1871 मध्ये इंग्रजांनी कायदा करून पारध्यांसारख्या कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पोलीस अजून आधी पालांकडेच जातात, आणि पोर रडलं की आई अजून म्हणते, गप बस, नाही तर पालवाल्यांना देऊन टाकीन. आपल्या पोरांनी ऐकलेली ही पहिली गोष्ट. वूचमधल्या पोरांनी ‘यहुदी’ ही शिवी शिकली ती अशीच, कोणी एक यहुदी डोळ्यांनी न पाहता.

राईनपाड्याची माणसं राक्षस नव्हती. त्या पट्ट्यातली मुलं माझ्या वर्गात शिकली आहेत. त्यांच्या आईबापांना बाहेरच्या लोकांनी वर्षानुवर्षं हिणवलेलं मी पाहिलंय. तरीही पाच माणसं मेली, आणि ती त्यांच्या हातून मेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकदम धरून ठेवाव्या लागतात. त्याच रविवारी मालेगावातही अशीच गर्दी एका भटक्या कुटुंबावर धावून गेली होती, तिथे पोलिसांनी त्यांना वाचवलं. म्हणजे वाचवता येतं. वेळेवर कोणी तरी मध्ये उभं राहिलं तर.

माझ्या वर्गात पालावरची मुलं यायची, हंगामापुरती. नाव घालायला कागद नसायचे, मी तशीच बसवून घ्यायचे. एक मुलगी होती, पाटीला हात न लावता तोंडी हिशोब करायची, कारण घरात भिक्षेच्या धान्याची मापं तीच मोजायची. मधल्या सुट्टीत बाकीची पोरं तिच्यापासून लांब बसून डबा खायची. मी त्यांच्या मधोमध जाऊन बसायचे. 2018 च्या त्या पावसाळ्यात आमच्या गावाबाहेर पाल पडलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मैदान मोकळंच होतं.

लेकीच्या घरी परतल्यावर आखाजी आली. मी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, आईबापांची आठवण काढली. उंबऱ्यावर स्वस्तिक काढायला गेले तर लेक म्हणाली, आई, आतल्या बाजूला काढ, इथे लोकांना ते हिटलरचं चिन्ह वाटतं. मी आत काढलं. त्या कमानीतून कोण येतं, कोणाच्या घरची कोणती माणसं कुठल्या यादीत होती, मला काय माहीत? माझा देव आतल्या बाजूलाही तेवढाच आहे.

आजींना मी सांजोरी द्यायला गेले तेव्हा आमच्याकडच्या यहुद्यांची गोष्ट सांगितली. रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या नौगावला त्यांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले अशी त्यांची आठवण. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आडनावं आमच्यासारखीच, गावावरून, किहीमकर, पेणकर, रोहेकर. मुंबईत मशीद बंदरला त्यांचं 1796 चं प्रार्थनास्थळ आहे. बहुतेक जण पुढे इस्राएलला गेले आणि तिकडेही मराठीत नियतकालिक काढत राहिले. शेकडो वर्षं आमच्यात राहिले आणि यहुदी म्हणून त्यांना कोणी मारलं नाही, असं सांगताना मला अभिमान वाटत होता. आजींनी लक्ष देऊन ऐकलं. मग लेकीला काही तरी हळूच म्हणाल्या. त्यांच्या आईच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक शिंप्याचं कुटुंब होतं, त्यांची मुलगी आईची मैत्रीण होती. नाव आठवत नाही म्हणाल्या. बराच वेळ आठवत राहिल्या.

वूचमध्ये 2000 च्या सुमारास लोकांनी एक उपक्रम सुरू केला. 21 मार्चच्या सुमारास शाळा-कॉलेजची मुलं रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन निघतात आणि अशी चित्रं रंगवून टाकतात. ‘रंगीत सहिष्णुता’ असं काहीसं त्याचं नाव. त्यांनी पुसायचं, यांनी लिहायचं, त्यांनी परत पुसायचं. मला हे फार आवडलं. लिहिणारे थकत नाहीत म्हणून पुसणाऱ्यांनी का थकावं? लेकीने आमच्या कमानीसाठी इमारतीच्या ऑफिसात अर्ज दिला, मी तिच्या मागे लागूनच देववला. मी निघायच्या आधी दोन रंगारी आले आणि पांढऱ्याने भिंत सारवून गेले. मीटरवरचा ओघळ मात्र राहिलाय. तो मी जाता जाता थिनरने पुसायचा प्रयत्न केला, अर्धाच निघाला.

घरी परत आल्यावर हे सगळं जवळच्यांना सांगायला लागले. बऱ्याच जणांनी ऐकलं. पण एका जुन्या सहकाऱ्यांनी स्टाफरूममधलं ठरलेलं वाक्य काढलंच, “काही म्हणा मॅडम, शिस्त लावायला देशाला एक हिटलर पाहिजे.” शिकलेली, सवरलेली माणसं हे बोलतात. बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरचं आत्मचरित्र मराठीत, चरित्रनायकांच्या रांगेत मांडलेलं असतं, आणि स्पर्धा परीक्षेची पोरं प्रेरणा म्हणून ते विकत घेतात. मी त्यांना म्हटलं, सर, त्या शिस्तीचे कागद मी पाहून आले. टाइप केलेल्या, नंबर घातलेल्या याद्या, जन्मतारखेसकट. तुमच्या नातीच्या वयाची मुलं आहेत त्यांत. ते गप्प झाले, पण पटलं असं मला वाटत नाही.

आणि मागच्या आठवड्यात आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुन्हा एक मेसेज आला. साडीतल्या तीन बायकांचा फोटो, पाठीला झोळ्या. सावधान, मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात दाखल, सर्वांना पाठवा. पाठवणारा मुलगा माझ्याच हाताखाली शिकलेला, आता शेती बघतो, दोन लहान मुलांचा बाप. मी लिहिलं, बेटा, कोणत्या गावचं मूल गेलं? त्याचं नाव काय? पोलीस ठाण्यात तक्रार झाली का, कोणत्या? फोटो कोणी काढला, कधी? तासाभराने त्याने मेसेज काढून टाकला. दुसऱ्याने मात्र लिहिलं, “मॅडम, तुम्हाला या लोकांचा एवढा पुळका का? उद्या खरंच एखादं पोर गेलं तर?”

खरंच गेलं तर पोलिसांना फोन करायचा, 112 ला, आणि शोधायला सगळ्यांच्या पुढे मी निघेन, हे मी त्याला तिथेच लिहिलं. पुळका का, या प्रश्नाला मात्र तळघर नसलेल्या त्या घरापासून सुरुवात करावी लागली असती, आणि ते ग्रुपवर मावलं नसतं. म्हणून इथे लिहिलं. लिंक आत्ता ग्रुपवर टाकते आहे.